वाचकांचे प्रश्न : आरव्हीचा एसी, तळघरातला पंप आणि खोक्यावरचे वॅट

प्रश्न (फ्रिस्को, टेक्सास) : आमचा 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर) आहे. 30 अँपिअरची जोडणी आणि छतावर 13,500 बीटीयूचा (थंड करण्याच्या क्षमतेचं एकक) एक एसी. जुलैत यलोस्टोन नॅशनल पार्कला निघतोय. 2,200 वॅटचा इन्व्हर्टर जनरेटर (छोटा, कमी आवाजाचा) पुरेल, की त्याहून स्वस्त मिळणारा 4,000 वॅटचा साधा घ्यावा?

उत्तर : खोक्यावरचा मोठा आकडा आधी विसरा. 2,200 वॅट मिळतात ते क्षणभर, तासन् तास मिळतात ते 1,800. होंडाच्या ईयू2200आयचे हेच दोन आकडे आहेत. एसी सुरू झाल्यावर 1,300 ते 1,500 वॅटवर स्थिरावतो, पण कंप्रेसर उचलताना क्षणभर त्याच्या दुपटीने वीज ओढतो. तेवढ्यात जनरेटर घुसमटतो, ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि वीज जाते. इंजिन मात्र चालूच असतं, त्यामुळे बिघाड ट्रेलरमध्ये आहे असं वाटत राहतं.

यावर इलाज सॉफ्ट स्टार्टर (कंप्रेसर हळूहळू सुरू करणारं छोटं उपकरण). छतावरचं एसीचं झाकण काढून कंप्रेसर आणि कपॅसिटरच्या तारांमध्ये तो जोडतात. कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालू नका. सॉफ्ट स्टार्टरमुळे सुरुवातीचा धक्का निम्म्याहून खाली येतो आणि छोटा जनरेटर एसी उचलतो. त्याच वेळी दुसरं काही ओढत नसेल तरच, आणि चोर इथेच लपलेले असतात. पाण्याच्या हीटरची विजेची कॉइल एकटी 1,400 वॅट खाते. गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा फ्रीज ‘ऑटो’वर असेल, तर जनरेटर लागताच तो गुपचूप विजेवर जाऊन 300-400 वॅट घेतो. दोन्ही प्रोपेनवर टाका. मायक्रोवेव्हवर लिहिलेले 1,000 वॅट हे अन्नात जाणारे. तो ओढतो 1,500च्या आसपास, म्हणून एसी बंद करूनच वापरा.

आता यलोस्टोन. तिथले बरेच कॅम्पग्राउंड सात हजार फुटांच्या आसपास आहेत. हवा विरळ झाली की दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते. म्हणजे 1,800चे उरतात जेमतेम 1,360, आणि एसी गेला. पण जुलैतही तिथे रात्री पारा पाच अंश सेल्सिअसजवळ येतो. तुम्हाला लागेल फर्नेस (आतली हवा गरम करणारी भट्टी). तिचा पंखा बॅटरीवर चालतो आणि ती चार्ज करायला 1,360 वॅट रग्गड झाले. एसीची गरज वाटेत टेक्सास-ओक्लाहोमात, तिथे वीजजोडणी असलेला कॅम्पग्राउंड घ्या.

4,000 वॅटच्या उघड्या सांगाड्याच्या यंत्राबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : कॅम्पिंगला नको. राष्ट्रीय उद्यानांत 50 फुटांवर 60 डेसिबलची मर्यादा आहे. ही यंत्रं त्या रेषेवर किंवा तिच्या वर असतात, आणि वजन 45 किलोच्या घरात. छोटा 21 किलोचा, एका माणसाला उचलतो. उद्या कमी पडला तर तसाच दुसरा घेऊन पॅरलल केबलने जोडा. दोघांचे मिळून 3,600 वॅट होतात, आणि 30 अँपिअर गुणिले 120 व्होल्ट म्हणजेही तेवढेच. काही कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरला पूर्ण बंदी असते, बाकी ठिकाणी वेळा ठरलेल्या. बुकिंग करतानाच बघून घ्या.

एक ठेच हमखास लागते. ट्रेलरचा सर्ज प्रोटेक्टर (चुकीच्या विजेपासून वाचवणारं यंत्र) जनरेटरला जोडताच एरर दाखवतो आणि वीज आत सोडत नाही. यंत्र बिघडलेलं नसतं. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले नसतात, एवढंच. ते जोडणारा छोटा प्लग मिळतो, तो जनरेटरच्या रिकाम्या आउटलेटमध्ये खोचायचा.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : हाच जनरेटर वादळात घरी चालेल का? बेसमेंटमध्ये अर्ध्या हॉर्सपॉवरचा सम्प पंप (साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) आहे, शिवाय फ्रीज आणि गॅस फर्नेस.

उत्तर : चालतील, पण दोन. पंप चालताना हजारेक वॅट घेतो आणि उठताना दोन हजारांच्या आसपास. फ्रीज आणि फर्नेसचा पंखा मिळून सहा-सातशे. सेंट्रल एसी किंवा विहिरीचा पंप चालवायचा असेल तर 240 व्होल्ट देणारं मोठं यंत्रच लागतं.

खरा प्रश्न घराला जोडायचं कसं हा आहे. बाहेरच्या भिंतीवर इनलेट बॉक्स (जनरेटरची वायर लावायची जागा) आणि पॅनलवर इंटरलॉक किंवा ट्रान्सफर स्विच (जनरेटर आणि बाहेरची लाइन एकाच वेळी जोडू न देणारा), परमिट काढून, इलेक्ट्रिशियनकडून. दोन्ही टोकांना पिनांचे प्लग असलेली वायर ड्रायरच्या आउटलेटमध्ये खोचण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तुमची वीज खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते, त्याचे हजारो व्होल्ट होतात आणि बंद लाइनवर काम करणारा लाइनमन जातो. आरव्हीचा न्यूट्रल-अर्थ प्लग घरी काढून ठेवा, पॅनलमध्ये ती जोडणी आधीच असते. उलट फर्नेस नुसत्या एक्स्टेंशनवर लावली तर ती पेटून काही सेकंदांत विझू शकते, कारण ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरला तीच जोडणी लागते.

जनरेटर घरापासून किमान 20 फूट लांब, धुराचं तोंड घराकडे नको. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं म्हणजे आत्महत्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्रत्येक मजल्यावर, आणि ट्रेलरमध्येही, त्याचा अलार्म हवा. वायर 30 अँपिअरसाठी 10 गेजची.

प्रश्न (प्लेनो, टेक्सास) : मागच्या वर्षीचा जनरेटर दोरी ओढून ओढून दमलो तरी लागत नाही.

उत्तर : आधी ऑइल बघा. पातळी कमी असली किंवा यंत्र उतारावर असलं तरी सेन्सर स्पार्क तोडतो. तिथे ठीक असेल तर बहुधा कार्ब्युरेटर. दहा टक्के इथेनॉल असलेलं गॅस (म्हणजे पेट्रोल) काही महिन्यांत शिळं होतं आणि जेटच्या (इंधन सोडणाऱ्या नळीच्या) केसाएवढ्या भोकात राळ धरते. टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरच्या बाऊलच्या (इंधनाच्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं काढा, ताजं गॅस भरा. तरीही नाही लागला तर जेट साफ करावा लागेल. पुढच्या वेळी स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं चालवा, मग गॅसचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझू द्या. पहिलं ऑइल 20 तासांनी बदला, नंतरचं दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया) : आमच्याकडचा जनरेटर रत्नागिरीला आईबाबांकडे नेता येईल? ट्रान्सफॉर्मर लावून?

उत्तर : नाही. एकदा इंधन भरलेलं इंजिन विमानात घेत नाहीत. शिवाय ट्रान्सफॉर्मर 120चे 230 व्होल्ट करील, 60 हर्ट्झचे 50 करणार नाही. विहिरीवरचा सेंट्रिफ्यूगल पंप वीस टक्के जास्त वेगाने फिरेल, त्याला लागणारी ताकद पावणेदोन पटीजवळ जाईल आणि वाइंडिंग जळेल. तिकडचाच घ्या, पंपाच्या स्टार्टिंगचा हिशेब करून.