जुन्या स्टॉर्मचा भाव धरताना

भावा, जुनी सॅन स्टॉर्म, म्हणजे ती आपल्याकडं बनलेली दोन सीटची उघडी गाडी, घेताना विम्याच्या कागदावरची किंमत विसर. पाच वर्षांपुढच्या गाडीची ती विमा कंपनी नि मालक आपसात ठरवतात. सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची, गंजत नाही, म्हणून माणूस चकाकीला भुलतो. तू खाली वाकून चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा बघ, गंज असला तर तिथं दिसेल. गाडी सांगलीची असेल तर कार्पेट उचल, सीटचे बोल्ट तपास. 2019 च्या पुराचा गाळ असला तर तिथंच सापडेल. सापडला तर घासाघीस नको, चहा पिऊन परत ये. इंजिन रेनॉचं, पण काच नि दिवे शोधताना घाम फुटतो. तो खर्च आधीच वजा कर. पंधरा वर्षं उलटली असतील, तर री-पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, झालंय का बघ. मी न बघताच पैसे मोजले होते. बायको अजून टोमणे मारते.