दूध सेंटरवरच्या त्या पोराबद्दल

अरे मित्रा,

तुझा मेसेज वाचला. सेंटर नवीन, बल्क कूलर (सगळ्यांचं दूध एकत्र थंड करायचा टँक) आत्ता कुठे बसलाय, आणि टेस्टिंगला दिलेल्या पोराला लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता दाखवणारी नळी, वाचता येत नाही, वरून सांगितलं म्हणून घ्यावा लागला. चिडलायस ते कळतंय, पण चीड त्याच्यावर काढू नको. त्या खुर्चीत तो स्वतःहून बसला नाही, आणि आता तो तुझा माणूस आहे.

आधी कामं वेगळी कर. कॅन धुणं, वजन, रजिस्टर ह्यात चुकला तर दुपारी बसून निस्तरता येतं. पण एक आंबट कॅन टँकमधे पडला की अख्ख्या गावाचं दूध गेलं, मग 4 डिग्रीला थंड करून उपयोग नाही, थंडीने आंबणं मंदावतं, आंबलेलं काही परत येत नाही. म्हणून कॅन ओतायचा की परत पाठवायचा हा निर्णय सध्या तुझाच. त्याला शेजारी उभा कर, वास घ्यायला लाव, सीओबीची (उकळल्यावर दूध फुटतं का ते बघायची टेस्ट) नळी त्यालाच उकळू दे, आणि दूध फुटलं की नाही हे आधी तो बोलेल मग तू. त्याचं उत्तर रोज तुझ्याशी जुळायला लागलं की मगच मागे सर.

दुधातली फॅट मोजताना मात्र अजिबात ढिलाई नको. आधी 10 मिली ॲसिड, मग 10.75 मिली दूध कडेने हळू, मग 1 मिली अमाईल अल्कोहोल, हा क्रम भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव. सल्फ्युरिक ॲसिड आहे ते, गॉगल आणि ग्लोव्हज घातले नाहीत तर त्या दिवशी टेस्टिंग बंद, मग बाहेर कितीही रांग लागू दे.

आणि नुसतं "असं कर" सांगून सोडू नको, का ते पण सांग. नुकतं काढलेलं दूध गरम असतं, त्यात हवा असते, म्हणून लॅक्टोमीटरची डिग्री कमीच दिसते, पाणी घातल्यावर दिसते तशी. हे माहीत नसेल तर तो एखाद्या मावशीला सगळ्यांसमोर "पाणी घातलंय" म्हणून मोकळा होईल. तिचं दहा दिवसांचं बिल फॅट आणि एसएनएफवरच (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघतं ना, ती दुसऱ्या डेअरीला जाईल आणि तिच्यामागून अर्धी गल्ली. तो चुकला तर रांगेसमोर बोलू नको, रीडिंग गुपचूप परत घे आणि संकलन संपल्यावर बाटली समोर ठेवून दाखव. शेतकऱ्यांसमोर त्याचा पाणउतारा झाला की उद्यापासून तो चुका लपवणार, आणि लपवलेली चूक तुला थेट टँकमधेच सापडेल.

अजून एक, मला सगळ्यात जास्त काळजी ह्याची वाटते, तू पहाटे त्याचं काम स्वतः उरकून टाकतोयस. नको करू. तो शिकणार नाही आणि वरच्यांना वाटेल सगळं सुरळीत चाललंय. साहेबांना आत्ताच लेखी कळव, तक्रार म्हणून नाही, ह्याला ट्रेनिंग पाहिजे आणि तोवर सकाळी टेस्टिंगचा एक अनुभवी माणूस द्या म्हणून.

एक वही कर. रोज थोडी सॅम्पल दोघांनी वेगवेगळी तपासायची, त्याचा आकडा एका रकान्यात, तुझा शेजारी. महिनाभराने फरक कमी होत गेलेला दिसला तर पोरगा तयार होतोय. नाही झाला तर त्याला वजनकाट्यावर घे आणि टेस्टिंगला दुसरा माणूस माग, तेव्हा ती वहीच साहेबांपुढे ठेव. पहिल्या आठवड्याची पानं मला फोटो काढून पाठव, बसून बघू.