काळ्या पट्ट्याबाहेर राहिलेले अनुस्वार

प्रश्न : जळगावातील एका समूह प्रदर्शनात मी एक तैलचित्र पाहिले. टेबलाशी बसलेला चष्मेवाला कारकून समोरच्या कवितेच्या पानावरील एकेक ओळ कुंचल्याने काळी करीत आहे आणि कोपऱ्यात लाल शिक्का आहे : ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही’. साहित्यावरील बंदीची ही थट्टा आहे, एवढे कळले आणि हसूही आले. परंतु ओळींना काळे फासणे ही परदेशी चित्रकारांची जुनी युक्ती नव्हे काय? शिवाय विषय लेखकांचा असताना चित्रकाराने त्यात कोणती भर घातली? आमच्या वाचनालयासाठी हे चित्र घ्यावे, असा विचार आहे. सोबत छायाचित्र पाठवीत आहे.
— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : युक्ती जुनी आहे, हे आपले म्हणणे खरे. इटलीतील एमिलियो इस्ग्रो यांनी १९६४ पासून छापील मजकूर खोडून त्या खाडाखोडीचीच कलाकृती केली आणि मॉस्कोत कोमार व मेलामिद या जोडीने १९७२ मध्ये लाल कापडावर घोषणेच्या अक्षरांऐवजी नुसते पांढरे चौकोन ओळीने मांडून सरकारी भाषेची टर उडवली. आपले पत्र वाचताना मलाही हे चित्र त्यांचीच उसनवारी वाटले होते. छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा मात्र मत बदलावे लागले.

कारकुनाने ओढलेला प्रत्येक पट्टा शिरोरेषेपासून अक्षरांच्या पायापर्यंत आहे, त्याच्या वर नाही आणि खालीही नाही. आपली लिपी मात्र तेवढ्या जागेत मावत नाही. त्यामुळे वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार पट्ट्याच्या वर उभे राहिले आहेत आणि उकार खाली लोंबत आहेत. हुकमाप्रमाणे ओळ झाकली गेली, पण तिचे कान-डोळे बाहेरच राहिले. देवनागरी वाचणाऱ्याखेरीज इतर कोणाला हा विनोद कळणार नाही, म्हणून त्याला उसना म्हणता येत नाही.

तिसऱ्या ओळीत एका दोन अक्षरी शब्दाच्या दोन्ही अक्षरांवर टिंब आहे आणि दुसऱ्या अक्षरावर वेलांटीही आहे. तो मला ‘कांहीं’ असाच वाचता आला. इतरत्रही आजच्या लेखनात बसणार नाहीत इतकी टिंबे विखुरलेली आहेत. आपण शिक्षक असल्यामुळे आठवतच असेल की, मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले. म्हणजे हे पान त्याआधीचे आहे. याउलट कोपऱ्यातल्या शिक्क्यावरचे ‘काही’ आणि ‘नाही’ बिनटिंबाचे आहेत! तो शिक्का मला आधी अनावश्यक, प्रेक्षकाला चिमटा काढून हसवणारा वाटला होता. पण पान जुन्या लेखनातले आणि शिक्का आजच्या, हा फरक चित्रकाराने जाणून केला असेल, तर ही थट्टा केवळ गोऱ्या साहेबाची नाही.

आणि तशी ती नसावीच. आपल्या अमळनेरात ज्यांनी शिकवले, त्या साने गुरुजींचा ‘पत्री’ हा कवितासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला होता. पण मर्ढेकरांच्या १९४७ मधील कवितासंग्रहावर अश्लीलतेचा खटला चालला, तो स्वतंत्र भारतात, आणि त्यातून ते निर्दोष सुटले. लेखनाचे नियम बदलले त्याच वर्षी ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये लेखकाच्या बाजूने मिटला. ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाचे प्रयोग १९७२ मध्ये थांबवले गेले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावे लागले. यांपैकी कोठेही कोणी कुंचला घेऊन बसले नव्हते. आपल्याकडे नोटीस येते, वगळावयाच्या संवादांची यादी येते आणि मग तारखा पडत राहतात. चित्रातला कुंचला ही अतिशयोक्ती आहे. उपहासाला ती माफ असते.

चित्रकाराने कोणती भर घातली, याचे उत्तर मला कारकुनाच्या डाव्या हाताशी सापडले. पोथी वाचणारे ठेवतात तसे त्याने पुढच्या, अजून न खोडलेल्या ओळीवर बोट ठेवले आहे आणि पुटपुटत वाचणाऱ्याचे असतात तसे त्याचे ओठ किंचित उघडे आहेत. त्या कवितेचा सर्वांत मन लावून वाचणारा वाचक तोच आहे. हे वाक्यात लिहिता आले असते. परंतु चित्रासमोर उभा राहिलेला माणूस टिंबे जुळवीत, मान वाकडी करून, नकळत त्याच्यासारखाच पुटपुटू लागतो, आणि हे करवून घेणे लेखकापेक्षा चित्रकाराला अधिक सोपे गेले आहे. कारकुनाचे सुटलेले पोट मात्र व्यंगचित्रांच्या सवयीने आले आहे. ते नसते तर बरे झाले असते.

चित्र जरूर घ्यावे. टांगताना एवढेच पाहावे की, छायाचित्रात डावीकडून तिरपा उजेड आल्यामुळे पट्ट्यांखाली जाड रंगाने आधी लिहिलेल्या अक्षरांचे उंचवटे दिसत आहेत. समोरून ट्यूबलाइट लावल्यास ते सपाट होतील आणि नुसता काळा रंग चकाकेल. म्हणून खिडकी बाजूला येईल अशी भिंत निवडावी, पण पश्चिमेची तापणारी भिंत टाळावी. आपल्याकडचा मे महिना आपणांस सांगावयास नको. थरावर थर दिलेला काळा तैलरंग त्या झळांनी तडकला, तर खालची कविता चित्रकाराच्या इच्छेपेक्षा फार लवकर बाहेर येईल.