मैत्रिणीबरोबर मिळून एकांकिका लिहितेय, सारखे वाद होतात. एकटीने लिहिणं बरं का?

वाद होतात म्हणून एकटीने लिहू नका. एकट्याने लिहिलेलं तेवढंच अस्सल, ही समजूत मला मुळीच मान्य नाही. नाटकात तर नाहीच. ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. शब्द विजय तेंडुलकरांचे, पण ओळीने उभ्या नटांची ती डोलणारी, वळणारी ब्राह्मणांची भिंत उभी राहिली ती दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार भास्कर चंदावरकर आणि नृत्यं बसवणारे कृष्णदेव मुळगुंद यांच्यामुळे. १९७२ साली पुण्यात नाटक आलं, ते करणाऱ्या संस्थेनेच ते थांबवलं, तर हीच मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि प्रयोग पुन्हा सुरू केले. एकमेकांना धरून राहिली म्हणून ते नाटक टिकलं.

माझं सांगते. आम्ही सांगलीचे. मी लिहायचे, दादा बसवायचा. आमच्या आत्यावर मी एकांकिका लिहिली. ती सासर सोडून माहेरी आली आणि आमच्याकडेच राहिली. शेवटी तिचं लांबलचक स्वगत होतं. तालमीत दादाने ते सगळंच्या सगळं कापलं. मी संहिता उचलून निघाले, तर म्हणाला, “ट्रंक आण.” लहानपणी तो आत्याच्या खोलीत झोपायचा. तिच्या खाटेखालची ट्रंक मीही रोज बघत होते, पण ती कायम भरलेली असायची, आत्याने साड्या कधी कपाटात लावल्याच नाहीत, हे फक्त त्याला ठाऊक होतं. बाहेरच्या कुठल्या दिग्दर्शकाला हे सुचणार होतं? स्वगताऐवजी आत्या फक्त ट्रंक उघडते, असं त्याला हवं होतं.

पण नुसती ट्रंक उघडून प्रेक्षकाला काय कळणार? मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं आणि पहिला प्रवेश नव्याने लिहिला. भाची म्हणते, “खालचा कप्पा रिकामा केलाय गं तुझ्यासाठी.” आत्या म्हणते, “राहू दे, कशाला.” एवढंच. मग शेवटी ट्रंक उघडली की अख्खं सभागृह गप्प. ट्रंक त्याची, कप्पा माझा. एकाशिवाय दुसरं लंगडं.

स्पर्धेनंतर एक परीक्षक दादाला म्हणाले, “बहिणीच्या मजकुरातून नाटक छान काढलंत.” मी शेजारीच उभी होते. दादा ‘धन्यवाद’ म्हणाला. घरी मी विचारलं तर म्हणे, “आपल्यात कसला आलाय हिशोब!” हिशोब नको असतो तो नेहमी ज्याच्या वाट्याला टाळ्या आल्या त्यालाच. त्या ‘आपल्यात’ शब्दाखाली किती बहिणींची, बायकांची, मैत्रिणींची कामं गडप झाली असतील.

म्हणून तुम्ही दोघी आजच बसा आणि लेखनाच्या जागी कोणाचं नाव, कोणत्या क्रमाने, हे कागदावर लिहून ठेवा. बक्षिसाच्या पैशाचंही. वाद शब्दांवरून होत असतील तर खुशाल होऊ द्या. दोन्ही ओळी तालमीत म्हणून बघा, नटाच्या तोंडी जी बसेल ती ठेवा.

हे सगळं नाटकापुरतं हं. कवितेत मी कोणाला बोट लावू देत नाही. आणि मैत्रीण तुमचं लिहिलेलं न वाचताच बदलत असेल, तर मात्र वेगळ्या व्हा.

दादा इथे उत्तरं वाचतो. दादा, त्या परीक्षकांना तू तिथल्या तिथे सांगायला हवं होतंस. मी अजूनही तेच म्हणते.