सौरडागांच्या निरीक्षणाला सुरुवात करताना

सूर्याचा अभ्यास सौरडागांपासून, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या काळ्या डागांपासून, सुरू करावा, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र दुर्बिणीतून सूर्याकडे थेट कधीही पाहू नका, कारण दृष्टिपटल भाजताना वेदना होत नाहीत आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. छोट्या दुर्बिणीच्या नेत्रिकेमागे (डोळा लावायच्या भिंगामागे) पांढरा कागद धरून त्यावर सूर्याची प्रतिमा घ्यावी आणि तिच्यावर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण झाकून ठेवावी. लहान मुले आसपास असल्यास दुर्बिणीपासून हलू नये.

मोठा डाग नीट न्याहाळलात, तर मध्ये गडद गाभा आणि भोवती करडी कड दिसेल. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. डागाच्या जागी प्रबळ चुंबकीय क्षेत्र आतून वर येणाऱ्या उष्ण वायूचे अभिसरण रोखते, त्यामुळे तो भाग दीड-दोन हजार अंशांनी थंड राहतो आणि केवळ भोवतालच्या तुलनेत काळा भासतो. एरवी तोही प्रखरच असतो.

रोज डागांच्या जागा टिपल्यास सूर्याचे परिवलन कळते, जे विषुववृत्तापाशी सुमारे २५ दिवसांचे आहे. श्वाबे या जर्मन निरीक्षकांनी अशाच चिकाटीच्या नोंदींतून १८४३ मध्ये डागांची संख्या वाढण्या-घटण्याचे चक्र मांडले. ते सरासरी ११ वर्षांचे असते. म्हणून प्रत्येक रेखाटनावर तारीख व वेळ लिहा, आणि एकही डाग नसलेला दिवससुद्धा नोंदवा.