समुद्र सरकारचा, कालवं घराण्याची : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या खाडीकाठच्या गावात खडकावरची कालवं काढण्याचे काम आजीपासून चालत आले आहे. पण त्याला कोणी धंदा म्हणत नाही आणि खडकावर आमचा काही लेखी हक्कही नाही. फ्रान्समध्ये नोकरी करणारा माझा भाचा सांगतो की, तिकडे चार-पाच पिढ्या कालवांवरच जगणारी घराणी आहेत. समुद्राचा तळ कोणाच्याच मालकीचा नसेल, तर तो बापाकडून मुलाकडे जातो कसा?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : आपल्या भाच्याने सांगितलेली घराणी बहुधा फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील मारेन-ओलेरॉन परिसरातली असावीत. तेथे स्यूद्र नदी समुद्राला मिळते आणि समोरचे ओलेरॉन बेट अटलांटिकच्या लाटा अडवते, त्यामुळे कालवांना हवे तसे संथ, नदीच्या गोड्या पाण्याने थोडे सौम्य झालेले खारे पाणी मिळते. (घाटावरच्या वाचकांसाठी : येथे कालवे म्हणजे पाटबंधारे खात्याचे कालवे नव्हेत, खडकाला घट्ट चिकटून राहणारा, खडबडीत शिंपल्याचा हा जीव आहे.)

आपली शंका रास्त आहे. फ्रान्समध्ये भरती-ओहोटीच्या मधला पट्टा ही सार्वजनिक मालमत्ता असून ती कोणालाही विकता येत नाही. शासन त्या पट्ट्यातला मोजून दिलेला तुकडा कालवांच्या लागवडीसाठी जास्तीत जास्त 35 वर्षांच्या परवान्यावर देते आणि त्याचे वार्षिक भाडे घेते. म्हणजे घराण्याच्या हाती सातबारा नसतो, मुदतीचा कागद असतो. परवानाधारक मुदतीच्या आत वारला, तर उरलेल्या काळासाठी जोडीदार किंवा मुले तो पुढे चालवू शकतात. मात्र परवाना ज्याच्या नावावर राहणार, त्याने या कामाचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. वडिलांच्या हयातीत परवाना मुलाच्या नावावर करायचा असला, तरी शासनाची संमती लागते. नुसते रक्ताचे नाते पुरत नाही, आणि ही अट मला योग्य वाटते.

खरी अडचण वाटणीची आहे. फ्रेंच कायद्याने मुलांचा वाटा राखून ठेवलेला असतो : एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांनाच जावी लागते. दुसरीकडे, लागवडीचे क्षेत्र फार लहान तुकड्यांत विभागले जाऊ नये म्हणून प्रत्येक जिल्ह्यात किमान क्षेत्राचे नियम आहेत. त्यामुळे तीन भावंडांपैकी एकालाच समुद्रात उतरायचे असेल, तर त्याने उरलेल्या दोघांचा वाटा पैशाने भागवायचा असतो, आणि हा पैसा बहुतेकदा कर्ज काढूनच उभा राहतो. आपल्याकडे आंब्याच्या बागेचे भावाभावांत जे होते, ते तेथे कायद्याने बरेचसे थोपवले आहे; पण त्याचा भार धंदा चालवणाऱ्यावर पडतो.

याला एक मोठा अपवाद आहे. मारेनच्या परिसरात जुन्या मिठागरांचे उथळ चौकोनी तलाव आहेत. त्यांना तेथे ‘क्लेर’ म्हणतात. मिठाचा धंदा उतरणीला लागल्यावर त्यांत कालवं ठेवली जाऊ लागली. हे तलाव किनाऱ्याच्या आत असल्याने त्यांतले बरेच खाजगी मालकीचे आहेत, आणि त्यांचे खरेदीखत होते, वाटणी होते, ते गहाणही पडतात. म्हणून एकाच घराण्याचा वारसा दोन प्रकारचा असतो : समुद्रातला तुकडा परवान्याने आणि क्लेर मालकीने.

तिसरी गोष्ट नावाची. बूर्सफ्रांक-ल-शापू या गावातील जिलार्दो घराण्याने 1898 मध्ये हा धंदा सुरू केला. आज त्यांची कालवं नॉर्मंडी आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवरही वाढतात आणि अखेरच्या टप्प्यासाठी मारेन-ओलेरॉनच्या तलावांत येतात. त्यांच्या नावाने दुसऱ्याचा माल विकला जाऊ लागला, तेव्हा त्यांनी शिंपल्यावर लेझरने ‘जी’ हे आद्याक्षर कोरण्यास सुरुवात केली. आंबा देवगडचा म्हणून विकला जाणे आणि तो देवगडचा असणे यांतले अंतर आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

प्रश्न : चार पिढ्यांपूर्वीची कालवं आणि आजची कालवं एकच आहेत का? घराण्याची चव टिकून आहे असे म्हणता येईल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. गेल्या दीडशे वर्षांत या किनाऱ्यावरची कालवाची जात दोनदा बदलली आहे.

पणजोबांच्या आधीची पिढी चपटे, गोल युरोपीय कालव जाणत होती. अतोनात उपशामुळे ते 19व्या शतकाच्या मध्याला संपत आले, तेव्हा फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या पाठिंब्याने व्हिक्टर कोस्त या शास्त्रज्ञाने बीज, म्हणजे कालवांची सूक्ष्म पिल्ले, धरून वाढवण्याचे प्रयोग सुरू केले. शेती रुजू लागली होती, तेवढ्यात 1868 मध्ये पोर्तुगालच्या टेगस नदीतील कालवं भरून फ्रान्सच्याच पश्चिम किनाऱ्यावरील आर्काशोंच्या खाडीकडे निघालेले ‘मोर्लेझियँ’ नावाचे जहाज वादळामुळे जिरोंद नदीच्या मुखात अडकून पडले. माल नासला अशा समजुतीने कप्तानाने तो पाण्यात फेकून दिला. त्यातली पुष्कळ कालवं जिवंत होती. लांबट, खोलगट शिंपल्याची ही जात तेथे वाढली आणि उत्तरेला पसरत मारेन-ओलेरॉनपर्यंत पोहोचली. जुन्या जाणत्यांना ती हलक्या कुळातली वाटे. पण 1920च्या सुमारास चपटी कालवं रोगाने मोठ्या प्रमाणावर मेली, तेव्हा याच पोर्तुगीज कालवाने घरे सावरली.

मग 1970च्या दशकाच्या आरंभी विषाणुजन्य रोगाने पोर्तुगीज कालवंही नष्ट केली. घराण्यांकडे परवाने होते, नावे होती, कामाचा अनुभव होता, कालवंच नव्हती. तेव्हा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून मोठी कालवं आणि जपानहून बीज आणून नवी सुरुवात करण्यात आली. फ्रान्समध्ये आज जी कालवं खाल्ली जातात, त्यांतली बहुतेक या पॅसिफिक जातीची आहेत. 2011च्या त्सुनामीने जपानमधील कालवांची शेती वाहून गेली, तेव्हा फ्रेंच शेतकऱ्यांनी तिकडच्या शेतकऱ्यांना दोर आणि साहित्य पाठवले. ते जुने देणे लोकांच्या स्मरणात होते.

संकटे तेवढ्यावर थांबली नाहीत. 2008 पासून एका नागीणवर्गीय विषाणूमुळे लहान कालवं इतकी मरू लागली की, काही ठिकाणी निम्म्याहून अधिक बीज हातचे गेले. यावर एक तोड म्हणजे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त बीज धरणे. पणजोबांनी ज्या जातीवर हात बसवला, ती नातवाच्या वाट्याला आली नाही. बदलत्या जीवाला त्याच पाण्यात कसे सांभाळावे, हे मात्र आले. तेव्हा चवीची अखंड परंपरा सांगणारी जाहिरात आपण थोड्या संशयानेच वाचावी.

प्रश्न : तिकडची कालवं हिरवट दिसतात. रंग घालतात का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : रंग घालत नाहीत. क्लेरच्या पाण्यात एक सूक्ष्म शैवाल वाढते, त्यात निळे रंगद्रव्य असते. कालव पाणी गाळून अन्न घेताना ते त्याच्या कल्ल्यांत साठते आणि मुळच्या पिवळसर रंगावर हिरवे दिसते. ‘फिन द क्लेर’ या नावाने विकायच्या कालवांना अशा तलावात किमान 28 दिवस ठेवावे लागते. शैवाल दरवर्षी सारखे येत नाही. कोणत्या तलावात ते धरेल, पाणी कधी बदलावे, तळाचा चिखल कधी सुकवावा, हे ज्याला त्या तलावाची सवय आहे त्यालाच नेमके कळते.

प्रश्न : अशा घरातील मुलांना हे काम खरोखर करावेसे वाटते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुष्कळांना वाटत नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. कालव बीजापासून विक्रीपर्यंत यायला साधारण तीन वर्षे लागतात. जाळीच्या पिशव्या लोखंडी मेजांवर बांधलेल्या असतात. त्या उलटायच्या, झटकायच्या, गर्दी झाली की विरळ करायच्या. उधाणाच्या ओहोटीला पट्टा उघडा पडतो तेवढे दोन-तीन तास हे काम चालते, मग ती वेळ पहाटेची असो की थंडीतल्या संध्याकाळची. पाठवणीपूर्वी कालवांना काही काळ पाण्याबाहेर ठेवून शिंपला मिटून धरण्याची सवयही लावतात, म्हणजे प्रवासात त्यांच्या आतले पाणी सांडत नाही.

आणि एवढे करून वर्षाच्या विक्रीचा जवळजवळ निम्मा भाग नाताळ आणि नववर्षाच्या काही दिवसांत होतो. डिसेंबर 2023च्या अखेरीस आर्काशोंच्या कालवांवर विक्रीबंदी आली, कारण मुसळधार पावसात सांडपाण्याची व्यवस्था तुंबून पोट बिघडवणारा नोरोव्हायरस खाडीत उतरला होता. शेतकऱ्यांची काही चूक नव्हती. तरी हंगामातले सर्वांत मोलाचे दिवस बुडाले. शहरात पगाराची नोकरी असलेल्या मुलीला अशा वेळी परत ये म्हणणे कोणत्याही आईबापांना जड जाईल.

प्रश्न : आमच्या बचतगटाने खाडीत बांबूचा मांडव बांधून कालवं वाढवली. पुढच्या पिढीला हे देता येईल का?
— एक वाचिका, सिंधुदुर्ग

उत्तर : रिकामे शिंपले दोरीत ओवून मांडवाला टांगायचे आणि त्यांवर बीज बसू द्यायचे, ही आपली पद्धत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याच किनाऱ्यांवर विकसित केली आहे. उबदार पाण्यामुळे आपले कालव वर्षाच्या आत काढणीला येते, ही फ्रान्सपेक्षा मोठी सोय आहे. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते, तेव्हा त्याआधीच काढणी उरकण्याकडे लक्ष ठेवावे. आपल्याकडे कालव शिजवून, तिखले किंवा सुके करून खातात, त्यामुळे कच्चे खाण्यातला धोका कमी होतो. तरी मांडवाच्या जवळ सांडपाण्याचा नाला येत नाही ना, हे पाहावेच.

पुढच्या पिढीला देण्याबाबत बोलायचे, तर आज मांडव आपला असला तरी खाडीचा तळ सरकारचाच आहे. तेव्हा जागा, लांबी-रुंदी, मुदत आणि मुदतीनंतर नूतनीकरणाचा पहिला हक्क कोणाचा, या चार गोष्टी गटाच्या नावाने लेखी मागाव्यात. गटातील एखादी सभासद वारल्यास तिच्या जागी तिची मुलगी किंवा सून येऊ शकेल, असा ठरावही आपल्या इतिवृत्तात आजच करून ठेवावा. त्यासोबत साध्या वहीत कोणत्या महिन्यात बीज बसले, कोणत्या दोरीवर जास्त बसले, पहिल्या मोठ्या पावसानंतर किती मेली, हे तारखेनिशी लिहीत जावे. ही वही मांडवापेक्षा जास्त वर्षे टिकेल.