सोलापूरच्या उन्हाळ्यात घरी शोचे (प्रदर्शन-स्पर्धेत उतरवायचे) ससे ब्रीड करता येतात का?

येतात, पण एप्रिल-मेमध्ये मादी नराला लावूच नका, असं माझं स्पष्ट मत. गाभणकाळ साधारण 31 दिवसांचा. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावली तर मार्चमध्ये विते आणि पिल्लं कडक ऊन सुरू व्हायच्या आत जरा सावरतात. शेवटच्या आठवड्यातली गाभण मादी उष्म्यात सगळ्यात आधी दगावते.

खरी अडचण नराची. तापमान 30 च्या वर राहिलं की वीर्याची प्रत घसरते, आणि आपल्याकडे तर पारा 40 ओलांडतो. नवे शुक्राणू तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात. म्हणून पहिला पाऊस पडल्यावर जोड फुकट गेली तर नराला लगेच बाद ठरवू नका. चांगला नर उन्हाळाभर घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, पत्र्याखाली तर अजिबात नको.

कोरड्या हवेत कूलर छान चालतो. खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर नुसता दमटपणा वाढतो. बाटलीत पाणी गोठवून पिंजऱ्यात आडवी ठेवा, ससा तिला टेकून पडतो. खिडकीवर ओलं गोणपाट किंवा जुनी चादर (सोलापुरात तिला काय तोटा!). ससा धापा टाकायला लागला तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि डॉक्टरांकडे न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

कॅलिफोर्नियन किंवा हिमालयन जातीचा ससा असेल तर नाक-कानांचा काळा रंग उष्म्यात फिका पडतो. म्हणून रंग बघून निवड थंडीत करा.